पियानो थांबतो तेव्हा

१

मी बायकोला कधी नावानं हाक मारली नाही. यात राग-रुसवा काही नव्हता, आमच्या घरात रीतच तशी. वडिलांनी आईला 'अवं' म्हटलं, थोरल्या भावानं वहिनीला 'अवं' म्हटलं, आणि लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी चहा हवासा वाटला तेव्हा मीही 'अवं' म्हणून मोकळा झालो. माधवी हे नाव मी लग्नाच्या पंगतीत उखाण्यात घेतलं, तेही मामी ताटावरून उठू देईना म्हणून. त्यानंतर ते रेशनकार्डावर लिहिलं, बँकेत लिहिलं, दवाखान्याच्या खिडकीशी सांगितलं. तिला उद्देशून मात्र कधी तोंडातून काढलं नाही.

तशी गरजही पडली नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरात असताना मी 'अवं' म्हटलं की ती असेल तिथून ओ द्यायची. मोरीतून, मागच्या अंगणातून, शेजारणीशी बोलता बोलता भिंतीवरून. 'ओऽ', शेवटी जरासं वर चढणारी. प्लांटमधून रिटायर झालो, गावाच्या कडेला जुनवानीत घर बांधलं, खोल्या वाढल्या आणि माणसं कमी झाली, पण हाक आणि ओ चालूच राहिली. आमचा एकुलता एक मुलगा ऋषभ म्हणायचा, बाबा, तुमच्या घरी घड्याळ कशाला हवं, दर पाच मिनिटांनी आई वाजते.

हा ऋषभ मुंबईत सिनेमाचं ध्वनिमुद्रण करतो. मागच्या दिवाळीला आला तेव्हा त्यानं एक विचित्र उद्योग केला. तो तेव्हा एका पियानो वाजवणाऱ्या माणसाच्या सिनेमावर काम करत होता. तो पियानोवाला आमच्यासारख्याच एका कारखान्याच्या गावात राहतो, आणि त्याच्या घरातली शांतता मुंबईत कुठं मिळेना. शांतता कसली मिळवायची, असं मी विचारलं. तेव्हा त्यानं समजावलं की प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. सिनेमात आवाज मध्येच तुटला तर बघणाऱ्याला कानात बोळा बसल्यासारखं होतं, म्हणून रिकाम्या खोलीची शांतता आधी टिपून ठेवतात आणि मग खालून भरतात. आमच्या पोरांना पगार कशाचे मिळतात ते असं अधूनमधून कळतं.

त्यानं पंखे बंद केले, फ्रिजचा प्लग काढला, हॉलच्या मधोमध मायक्रोफोन उभा केला आणि आम्हा दोघांना हलायचं नाही म्हणून बजावलं. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे. माधवीनं पदराचा बोळा तोंडात धरला होता, हसू फुटेल म्हणून. स्वयंपाकघर डाव्या हाताला, मागं आतली खोली, तिच्या दारावर निळा पडदा. आत एक दिवाण, एक कपाट, तिची शिलाई मशीन. आत कोणी नव्हतं. मी हे शपथेवर सांगू शकतो, कारण घरात चौथं माणूसच नव्हतं.

२

सिनेमा भिलाईत काही लागला नाही. पण त्याच्या संगीताची सीडी निघाली आणि ऋषभनं एक घरी पाठवली. आतल्या कागदावर बारीक अक्षरांत बऱ्याच जणांची नावं होती. सगळ्यात शेवटी हिंदीत छापलं होतं: ख़ामोशी, विद्याधर और माधवी का घर, भिलाई.

माधवीनं ती ओळ चष्मा लावून वाचली, चष्मा पुसून परत वाचली. "आपलं नाव छापलं!" तिनं शेजारच्या सिंधुताईंना नेऊन दाखवलं. पियानोला ती पेटी म्हणायची, सिनेमाला पेटीवाल्याचा सिनेमा. तरी दुपारची भांडी झाली की जुन्या म्युझिक सिस्टिमवर सीडी लावून सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची.

मला त्या संगीतातलं काही कळत नाही. बरं होतं. एकेक सूर असा पडायचा की पुढचा पडेल की नाही अशी शंका यावी. एक तुकडा संपला की पुढचा लगेच सुरू होत नसे. मध्ये शांतता ठेवली होती, चांगली लांब, आणि ती शांतता आमच्या हॉलची होती. ऋषभ म्हणाला होता तसं, ऐकणाऱ्याला पियानोवाल्याच्या घरात बसल्यासारखं वाटावं म्हणून. लक्ष देऊन ऐकलं तर प्लांटची ती दुरून येणारी घरघर त्यात होती, जी आम्हाला एरवी ऐकूच येत नाही. आपलंच घर बाहेरून ऐकायला मजा वाटे, हे कबूल करतो.

असंच एका दुपारी मी वरच्या खोलीत पेपर वाचत होतो. माधवी जिना चढून दारात आली. गाल लाल झालेले.

"काय म्हणून राहिले?"

"मी कुठं काय म्हटलं? पेपर वाचून राहिलो."

"म्हटलं ना. नावानं हाक मारली तुमी मले."

"मी? अन् नावानं?"

"हाव. माधवी म्हटलं. साफ आयकलं मी, म्हणून तं ओ दिली. आतल्या खोलीत पाह्यलं तं तुमी नाई." मग पदर दाताखाली धरून म्हणाली, "म्हातारपणी बरी लाज सोडली बापा!"

मी म्हटलं, तुझे कान वाजून राहिले. ती हसत खाली गेली. जिन्यावर तिनं काहीतरी गुणगुणल्याचं ऐकू आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला या एका गोष्टीची इतकी हौस असेल हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत खाली बसलो. माझी अख्खी नोकरी मोजमापात गेली. भट्टीचं तापमान, गॅसचा दाब. काटा खोटं बोलत नाही असं लोक समजतात. बोलतो. पण का बोलतो ते शोधून काढता येतं. म्हणून मी वही-पेन्सिल नव्हे, नुसते कान घेऊन बसलो.

पियानो थांबला. प्लांटची घरघर आली. थोड्या वेळानं दिवाण करकरला.

मी मागं वळून पाहिलं नाही, कारण आवाज मागून आला नव्हता, समोरच्या स्पीकरमधून आला होता. आमच्या दिवाणाची डाव्या बाजूची पट्टी सैल आहे. कोणी उठून बसलं की ती आधी चिरकते आणि मग दबते. तसाच आवाज. मग कोणीतरी घसा खाकरला, आणि म्हणालं, "माधवी."

आवाज माझा होता. आपला आवाज आपल्याला डोक्यातून ऐकू येतो तसा नव्हे, ऋषभनं कधी टेपवर ऐकवला होता तसा, नाकात येणारा. पण मी असं कधी बोललो नव्हतो. मी बोलतो ते घाईनं, शॉपफ्लोअरवर यंत्रावरून ओरडायची सवय. ही हाक निवांत होती. ज्याला दुपारभर दुसरं काही काम नाही अशा माणसाची.

स्पीकरमधूनच उत्तर आलं, लांबून, स्वयंपाकघराच्या बाजूनं. "ओऽ."

माझ्या शेजारी माधवी ओठ मिटून बसली होती आणि हसत होती.

मी उठून सीडी बंद केली. ऋषभला फोन लावला. म्हटलं, त्या दिवशी मशीन चालू राहिली असेल, नंतर आम्ही काहीतरी बोललो असू, ते त्यात राहून गेलं. मला हे पटवून घ्यायचं होतं, म्हणून मी ते जरा जोरातच बोललो.

"नामुमकिन, बाबा," तो म्हणाला. "वो पूरी रेकॉर्डिंग मी वापरलीच नाही. दहा-बारा सेकंदांचा एक साफ तुकडा घेतला अन् तोच जोडत गेलो. लूप. त्यात हाक असती तं दर बारा सेकंदांनी आली असती."

हे मला लगेच कळलं. मोजमापाच्या माणसाला कळायलाच हवं. जे फिरून फिरून तेच आहे, त्यात एखादी गोष्ट एकदाच घडू शकत नाही.

ऋषभनं त्याच्याकडची प्रत लावून फोन जवळ धरला. काही नाही. मग मी आमची लावली आणि फोन स्पीकरला टेकवून धरला. दिवाण करकरला. हाक आली. ओ आली. मी विचारलं, आयकलं?

"क्या सुनना था?" तो म्हणाला. "बाबा, तुमची साँस इतकी तेज़ कावून चालून राहिली? आईला फोन द्या."

मी फोन माधवीला दिला. ती म्हणाली, "बरं हाय रे सगळं. तुहे बाबा आता मले नावानं हाक मारते."

४

त्यानंतरचं मी कसं सांगू? घरात काही बिघडलं नव्हतं. स्वयंपाक वेळेवर होई, तुळशीला पाणी जाई, सिव्हिक सेंटरच्या बाजारातून भाजी येई. फक्त मी 'अवं' म्हटलं की ओ येत नसे.

आधी वाटलं, ऐकू गेलं नसेल. परत म्हटलं. मग जवळ जाऊन म्हटलं. तेव्हा ती दचकून वळायची आणि "काय जी?" म्हणायची. हे 'जी' नवं होतं. कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं तिला काचेच्या खोलीत बसवून कानात बारीक बारीक आवाज सोडले, आणि बाहेर येऊन मला म्हणाला, अंकल, इनके कान आपसे अच्छे हैं.

दुपारी मात्र तिच्या अंगात चैतन्य यायचं. तोंड धुवायची, केस नीट करायची, पाहुण्यांकडे नेसते ती लुगडी काढायची. एकदा बशीत टरबुजाच्या फोडी घेऊन ती आतल्या खोलीत गेली. मी विचारलं, कोणाले?

"तुमालेच तं. तुमीच मांगितल्या ना आत्ता?"

मी मागितल्या नव्हत्या. थोड्या वेळानं तिनं बशी मोरीत आणून ठेवली, तेव्हा तिच्यात फक्त बिया होत्या. तिनंच खाल्ल्या असतील. मी स्वतःला तसं सांगितलं आणि ते मला पुरलंही, संध्याकाळपर्यंत.

मी आतली खोली तपासली. कपाट ओढून मागची भिंत बघितली, दिवाण उचलला, खिडकीची जाळी ठोकून पाहिली. तिथं मशीनवर अर्धवट शिवलेलं ब्लाऊज आणि उन्हाचा एक पट्टा, बाकी काही नाही. गादीवर हात ठेवला तर गरम लागली. मे महिना होता, भिलाईत मे महिन्यात काय गरम लागत नाही?

मग एक दिवस सिंधुताईंनी मला फाटकाशी गाठलं. या आमच्या शेजारणी मूळच्या भंडाऱ्याच्या, त्यांचं बोलणं सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

"भाऊ, काल दुपारी तं कमालच केली तुमी! वयनीले किती लाडानं हाका मारून राहिले होते. माधवी, माधवी. मी आमच्या यायले म्हटलं, आयका जरा, शिका काही."

"काल दुपारी?"

"हाव ना. कपडे काढाले गच्चीवर गेल्ती मी. तुमच्या आतल्या खोलीतून तं आवाज येऊन राह्यला होता."

काल दुपारी मी कूलरचा पंप आणायला सुपेल्याला गेलो होतो. भर उन्हात दोन दुकानं फिरलो होतो, अंगाची काहिली झाली होती. हसलो, असं आठवतं.

घरात आलो तेव्हा माधवी सोफ्यावर बसली होती. मला पाहताच तिनं डोक्यावरून पदर घेतला. माझ्या वडिलांसमोर घ्यायची तसा. लग्नाच्या इतक्या वर्षांत माझ्यासमोर तिनं असा पदर कधी घेतला नव्हता.

त्या वेळी मला पहिल्यांदा भीती वाटली, खरीखुरी. ती कुठं जाईल याची नव्हे. ती इथंच राहील आणि माझी राहणार नाही, याची.

५

सीडी मी दोन्ही हातांनी वाकवली. ती बराच वेळ वाकत राहिली आणि मग एकदम तुटली. तुकडे कचऱ्याच्या गाडीत टाकले. सोबतचा कागदही टाकणार होतो, पण त्याच्यावर तिचं नाव होतं. तो खिशात ठेवला.

त्या दुपारी वीज गेली. कूलर घुर्रघुर्र करत थांबला, पंखा हळूहळू थांबला, फ्रिज एक हिसका देऊन गप्प झाला. मी हॉलमध्ये होतो, माधवी स्वयंपाकघरात. बाहेर चिटपाखरू नव्हतं. मग ती घरघर कानात आली, प्लांटची, दुरून, आणि मला कळलं की ही तीच शांतता आहे. पियानोच्या दोन तुकड्यांच्या मधली. त्या शांततेला सीडीची काय गरज होती? ती आमच्या घरातूनच तर नेली होती.

पडद्यामागं दिवाणाची पट्टी चिरकली आणि दबली.

"माधवी."

"ओऽ, आलीच!" तिची ती जुनी ओ, शेवटी वर चढणारी. कित्येक दिवसांत मला ऐकू आली नव्हती. ती हात पुसत स्वयंपाकघरातून निघाली, माझ्या समोरून गेली, आणि पडदा सारून आत शिरली.

मी धावलो. साठी उलटलेल्या माणसाचं धावणं ते काय, पण धावलो. आत माधवी एकटी होती. दिवाणाच्या कडेला बसली होती, अंग चोरून, शेजारी कोणाला जागा ठेवल्यासारखी. मान जराशी तिरकी आणि चेहऱ्यावर हसू. नुकतंच कोणी काहीतरी बोललं असावं, आणि ते तिला आवडलं असावं. मला दारात पाहून ते हसू विझलं. तिनं पदर डोक्यावर ओढला.

"काही पाह्यजे होतं काय जी?" तिनं विचारलं. चांगल्या घरच्या बाईनं विचारावं तसं, आदरानं.

६

रात्री ऋषभला फोन करून ये म्हटलं. कारण सांगता येईना, म्हणून आईची तब्येत बरी नाही असं सांगितलं. तिकीट मिळेल त्या गाडीनं येतो, म्हणाला.

ऋषभ येऊन करणार काय, हे मला माहीत होतं. त्याला काही ऐकू येणार नव्हतं. मी गच्चीवर फेऱ्या घालत विचार केला. बिघाड सापडत नाही तेव्हा काटा काय दाखवतो ते सोडायचं आणि तो कशानं हलतो ते बघायचं. माधवी कशानं हलत होती? नावानं. बस. तो जो कोणी होता, त्याच्याकडं माझा आवाज होता, माझा खोकला होता, पण हे सगळं तर माझ्याकडंही होतं. त्यानं फक्त एक गोष्ट जास्तीची केली होती, आणि ती काही मला अशक्य नव्हती.

सकाळी स्मृतीनगरच्या रस्त्यानं फिरायला गेलो तेव्हा मी ते म्हणून पाहिलं. ओठांपर्यंत आलं आणि समोरून एक शाळकरी पोरगी सायकलवर आली, तशी मी गप्प झालो. मग एका कडुलिंबाखाली थांबून म्हटलं. घोगरं, अर्धवट. घरी आल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून म्हटलं. माधवी. माधवी. हसू नका. प्लांटमध्ये मी मोठमोठ्या साहेबांना तोंडावर सुनावलं आहे, आणि इथं तीन अक्षरांनी माझे कान तापत होते. आरशात बघितलं तर डोळे भरून आले होते. मला ती हवी होती. तिचं ते जिन्यावरचं गुणगुणणं, तिनं माझ्यावर खेकसणं, चहात साखर जास्त टाकून वर नाही म्हणणं, सगळं मला परत हवं होतं, आणि ते मी तिला याआधी सांगितलं नव्हतं कारण सांगायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

ठरवलं, आज दुपारी त्याच्या आधी मीच हाक मारायची.

७

जेवणं झाली. ती माझ्यानंतर जेवली, स्वयंपाकघरात, माझ्याकडं पाठ करून. मी कूलर बंद केला, पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला. मला ती शांतता लवकर यायला हवी होती. पडद्यासमोर खुर्ची ओढून बसलो.

भांड्यांचा आवाज थांबला. नळ थांबला. घरघर आली. आत अजून काही हललं नव्हतं. माधवी हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली तसा मी उठलो, आणि म्हणालो, "माधवी."

फार मोठ्यानं निघालं. फाटकं, हुकूम सोडल्यासारखं. पण निघालं.

ती थांबली. पडद्यामागून काही आवाज आला नाही. एक क्षण, दोन क्षण. मला वाटलं, जिंकलो. ती माझ्याकडं वळली आणि माझा चेहरा निरखू लागली. कुठल्याशा लग्नात पाहिलेलं माणूस बाजारात भेटलं की आपण निरखतो तसा. ओळख लागतेय की काय, अशी एक आठी तिच्या कपाळावर आली. मी पुन्हा म्हटलं, हळू, जमेल तितकं निवांत, "माधवी. मी हाव ना."

आठी गेली. तिनं पदर नीट केला आणि पडद्याकडं तोंड करून म्हणाली,

"अहो! भाईर कोनी आलं हाय. मले नावानं बोलावून राहिले."

आत कोणीतरी घसा खाकरला.

"बसव त्यायले," माझा आवाज म्हणाला. "आलोच."

"बसा ना जी," माधवी मला म्हणाली. ती आत गेली, स्वयंपाकघरात, आणि ताटलीत पाण्याचा पेला आणि गुळाचा खडा घेऊन आली. उन्हातून आलेल्या माणसाला आम्ही देतो तसा. ताटली माझ्यापुढं धरताना तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही, बोटांना बोट लागू दिलं नाही.

मी म्हणालो, "अवं." तिनं मागं वळून पाहिलं, तिच्या पाठीशी कोणी उभं आहे की काय ते बघायला.

"लांबून आले काय?" तिनं विचारलं. "जामुलहून? का यायच्यासंगं होते प्लांटमधी?"

मी पाणी प्यालो. सगळा पेला प्यालो. तिला काहीतरी सांगायला हवं होतं. आपण शिवनाथ नदीच्या काठी पोराला पाण्यात पाय बुडवायला शिकवलं ते, तिला टायफॉइड झाला होता तेव्हा मी रात्रपाळी सोडून उशाशी बसलो होतो ते. माझ्याकडं सांगण्यासारखं इतकं होतं. पण ती दाराला टेकून, हातात हात घेऊन, यजमानीण उभी राहते तशी माझ्या उत्तरासाठी थांबली होती.

"हो," मी म्हणालो. "प्लांटमध्ये होतो."

"मंग बसा. येतेच ते." तिच्या चेहऱ्यावर माया आली. माझ्यासाठी नव्हती ती. "दुपारचे जरा पडले होते."

दिवाण चिरकला, दबला. पायांनी चपला शोधल्या. आतून सावकाश, एकेक पाऊल, तो पडद्याशी आला. निळ्या पडद्याच्या कडेनं चार बोटं बाहेर आली आणि त्यांनी कापड धरलं. नखं अगदी मुळापासून कापलेली. मधल्या बोटावर भाजल्याचा जुना, गुळगुळीत डाग. मी खाली माझ्या हातांकडं पाहिलं. पेला एका हातात, ताटली दुसऱ्या. डाग तिथंही होता.

माधवी पडद्याकडं बघून हसली.

घरधनी बाहेर येत असताना पाहुण्यानं बसून राहू नये. मी पेला ताटलीत ठेवला, ताटली खुर्चीखाली सरकवली, आणि उठून उभा राहिलो.